आरसी जुळली, पण विकणारा जुळला का?

प्रश्न: आम्ही कराड तालुक्यात राहतो. ऑनलाइन जाहिरातीत पुणे पासिंगची २०१८ची पेट्रोल स्विफ्ट, ४१,००० किलोमीटर चाललेली, १ लाख ८५ हजारांना दिसली. विकणारा म्हणाला, मी लष्करात आहे, देहूरोडला होतो, आता जम्मूला बदली झाली म्हणून गाडी घाईने काढतोय. त्याने आरसी, लष्कराचं ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवलं. भाच्याने एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघितला, सगळं बरोबर निघालं. म्हणून काल संध्याकाळी 'गेटपास'साठी ५,१०० रुपये आणि माझ्या आधारचा फोटो पाठवला. आता तो डिलिव्हरी व इन्शुरन्सचे १५,६५० मागतोय, हे सगळे 'रिफंडेबल' आहेत म्हणतो. मिस्टर म्हणतात, गेले ते सोडून दे. भाचा म्हणतो, गाडी खरी आहे, भरून टाकू. काय करू? आणि तक्रार केली तर माझंच नाव कशात अडकणार नाही ना?

उत्तर: ताई, १५,६५० भरू नका आणि ५,१०० वर पाणीही सोडू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, मग तुमच्या बँकेला कळवा. बाकी सगळं त्यानंतर.

घाई का, ते सांगतो. तुमचे पैसे ज्या खात्यात गेले ते बहुतेक वेळा त्या ठकाचं स्वतःचं नसतं. कुणाला तरी थोडे पैसे देऊन वापरायला घेतलेलं असतं. तिथून रक्कम दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळते आणि शेवटी रोख काढली जाते. १९३० वरची तक्रार संबंधित बँकांपर्यंत लगेच पोचते आणि साखळीत जिथे पैसे अजून पडून असतील तिथे ते रोखून धरता येतात. पहिल्या तासाभरात फोन गेला तर आशा जास्त. तुमची रात्र उलटली आहे, तरी फोन कराच. एकच खातं अनेकांना फसवायला वापरलेलं असतं आणि कधी कधी ते दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून आधीच गोठलेलं असतं.

फोन लावण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या: तुमची बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि नेमकी वेळ, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आयडी, पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव, ठकाचे मोबाईल नंबर आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेकडचा क्रमांक. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. यूपीआयचा यूटीआर १२ आकडी असतो. पैसे पाठवायच्या अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. त्याच्या शेजारी अॅपचा स्वतःचा अक्षरं-आकड्यांचा लांबलचक आयडी असतो, आणि लोक घाईत तोच वाचून दाखवतात. बँकेच्या पासबुकात किंवा एसएमएसमध्ये आलेला १२ आकडी नंबर ताडून पाहा.

लाईन लागत नसेल तर वाट बघत बसू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर आर्थिक फसवणुकीच्या विभागात थेट तक्रार भरता येते. फोन लागला तर एसएमएसने पोचपावतीचा क्रमांक येतो, आणि तो घेऊन २४ तासांच्या आत पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची असते. पुष्कळ जण फोन झाला म्हणजे काम झालं समजतात आणि तक्रार अर्धवट राहते. मजकुराच्या रकान्यात कमीत कमी २०० अक्षरं लागतात, आणि कंस, तारका, टक्के अशी चिन्हं घातली की पोर्टल मजकूर अडवतं. साधं लिहा. रडगाणं नको, क्रम हवा. साधारण असं:

"अमुक तारखेला अमुक संकेतस्थळावर जुन्या स्विफ्ट गाडीची जाहिरात पाहिली. जाहिरात क्रमांक अमुक. विक्रेत्याने स्वतःला लष्करातील कर्मचारी म्हणवून आरसी व ओळखपत्राचे फोटो पाठवले. गेटपासच्या नावाखाली अमुक वेळी अमुक यूपीआय आयडीवर ५,१०० रुपये घेतले, यूटीआर अमुक. नंतर १५,६५० रुपयांची मागणी केली. गाडी दाखवली नाही. माझ्या आधार कार्डाचा फोटोही घेतला आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याचं कारण पुढे येईल.

पुरावा गोळा होईपर्यंत त्याला ब्लॉक करू नका आणि व्हॉट्सअॅपवर रिपोर्टही करू नका. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्याय तिथेच असतो आणि घाईत तोच दाबला जातो. आधी चॅटच्या तीन टिंबांत जाऊन 'एक्सपोर्ट चॅट' करा, फोटोंसकट. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढताना वरची लिंक, जाहिरात क्रमांक, टाकणाऱ्याचं प्रोफाइल आणि ते कधी उघडलं तो महिना हे सगळं येऊ द्या. जाहिरात तासाभरात गायब होऊ शकते.

आता भाच्याचं म्हणणं. त्याने तपासलं ते योग्यच केलं, पण तपासलं काय? एमपरिवहन सांगतं की या नंबरची, या मॉडेलची, या रंगाची गाडी सरकारी नोंदीत आहे. ती गाडी याच माणसाची आहे, हे ते अॅप सांगत नाही. मालकाचं नावसुद्धा तिथे मधली अक्षरं झाकूनच दिसतं. ठकाकडे खरी आरसी येते कुठून? कुणीतरी प्रामाणिक माणसाने आपली गाडी विकायला काढलेली असते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तो आरसीचा फोटो पाठवत सुटतो. त्या विचारणाऱ्यांपैकीच एक हा. त्याच आरसीवर, त्याच फोटोंवर, निम्म्या किमतीत दुसरी जाहिरात उभी राहते. ओळखपत्राचंही तसंच, कुठल्या तरी जवानाला दुसऱ्याच व्यवहारात बोलण्यात गुंतवून त्याच्याकडून काढलेलं. म्हणून एक विनंती: ते ओळखपत्र 'हा ठग आहे, सावध राहा' म्हणून गावच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याचा चेहरा त्यावर आहे तोही तुमच्यासारखाच फसलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

लष्कराचंच नाव का घेतात, हे सातारा जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. अपशिंगे मिलिटरीसारखं पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे वर्दी म्हटलं की माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. शिवाय या सोंगाचे फायदे बघा. बदली म्हणजे घाई आणि पडेल भाव, दोन्ही पटतात. 'आत मोबाईलला बंदी आहे' म्हणून व्हिडिओ कॉल टळतो. 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' म्हणून गाडी दाखवणं टळतं. 'गाडी आर्मीच्या ट्रकने घरपोच येईल' म्हणून समोरासमोर भेटणंही टळतं. खासगी गाडी विकताना लष्कर ती कुरिअरने पोचवत नाही, आणि छावणीचा पास कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकून मिळत नाही. जवानाची स्वतःची गाडी तुमच्याआमच्यासारखीच आरटीओत नोंदलेली असते आणि विकतानाही मालकी बदलाचे तेच फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात.

रकमांकडेही बघा. ५,१००, १५,६५०. गोल आकडा नाही, त्यामुळे कुठलीतरी पावती फाटल्यासारखं वाटतं. तुम्ही १५,६५० भरले असते तर पुढचा फोन ठरलेला होता: 'मॅडम, गेटपास आणि इन्शुरन्स एकदम भरायचे होते, दोन भागांत आल्याने सिस्टीमने घेतले नाहीत, पुन्हा २०,७५० टाका, आधीचे आपोआप परत येतील.' दरवेळी आधीचे पैसे सोडवण्यासाठीच पुढचे भरायला लावतात. कुणी परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगितलं तर तेही पैसे देणंच असतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

जाहिरातीतच काय दिसायला हवं होतं? पहिलं, किंमत. २०१८च्या चांगल्या स्थितीतल्या स्विफ्टला बाजारात साधारण ४ लाखांच्या आसपास भाव मिळतो. १ लाख ८५ हजार हे गरजू माणसाने कमी केलेले पैसे नव्हेत, तो गळाला लावलेला दाणा आहे. गरजू माणूस गाडी कुठल्याही डीलरकडे नेऊन त्याच दिवशी याहून जास्त रोख घेईल. अंदाज येत नसेल तर चालू विम्याची प्रत मागा. तिच्यावर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेलं गाडीचं मूल्य, छापलेलं असतं. मागितलेली किंमत आयडीव्हीच्या निम्म्यावर असेल तर पुढे बोलूच नका.

दुसरं, फोटो. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या किमतीला दिसतो का ते कळतं. पण हल्ली फोटो उलटवून, कापून टाकतात, त्यामुळे लेन्सला सापडला नाही म्हणजे फोटो खरा असं नाही. डोळ्यांनी बघा. पुणे पासिंगच्या गाडीमागे दुकानाची पाटी गुरुमुखी, म्हणजे पंजाबी लिपीत कशी? जाहिरातीत एकहाती वापर, आणि चार फोटोंत सीट कव्हर दोन रंगांची? कोपऱ्यात दुसऱ्या संकेतस्थळाचा पुसट शिक्का? स्विफ्टच्या बाबतीत तर एक सोपी खूण आहे. २०२१च्या सुरुवातीला या गाडीचं तोंड बदललं आणि पुढच्या जाळीच्या मधोमध आडवी क्रोमची पट्टी आली. '२०१८ मॉडेल' लिहिलेल्या जाहिरातीत ती पट्टी दिसली तर फोटो आणि कागद दोन वेगळ्या गाड्यांचे असण्याची शक्यता धरा. तसंच १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट मुळातच असते. २०२० ची गाडी म्हणतोय आणि पाटी साधी, तर विचारा.

आरसीच्या फोटोवर चेसिस नंबर मोजा. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो, भारतात बनलेल्या गाडीचा 'एम'ने सुरू होतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० शी गोंधळतात. फोटोत फेरफार करणाऱ्याला हे माहीत नसतं. शून्याच्या जागी ओ टाकलेला दिसला की खेळ संपला.

याहून पक्की परीक्षा म्हणजे आज, आत्ता काढलेला व्हिडिओ मागणं. गाडीभोवती फिरत, नंबरप्लेट दाखवत, मग दार उघडून मीटर आणि काचेखालचा किंवा दाराच्या चौकटीवरचा चेसिस नंबर, आणि मध्येच तुमचं नाव लिहिलेला कागद बॉनेटवर ठेवून. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाही तो रागावतो. 'विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.' तर राहू द्यायचं.

पण ताई, यापेक्षा चलाख एक प्रकार आहे. त्यात गाडी खरी दिसते, कागद खरे असतात आणि विकणाराही समोर उभा असतो. ठक खऱ्या मालकाला फोन करतो: 'मला गाडी पसंत आहे, माझा मेव्हणा बघायला येईल, त्याच्यासमोर किमतीचं काही काढू नका, त्याचे माझ्याकडे पैसे अडकलेत.' आणि तुम्हाला सांगतो: 'गाडी माझ्या भावाकडे आहे, बघून घ्या, पण त्याच्याशी पैशाचं बोलू नका, घरचा वाद आहे.' तुम्ही कराडहून जाता, गाडी चालवून बघता, मेकॅनिकही पास करतो, आरसी हातात धरता आणि तिथेच उभ्या उभ्या ठकाच्या खात्यात पैसे टाकता. मालक म्हणतो, माझे पैसे कुठे आहेत? दोघेही एकमेकांना चोर समजतात आणि तिसरा फोन बंद करून बसलेला असतो. यातून वाचायचा उपाय एकच. ज्याची गाडी त्याच्याशी, त्याच्या तोंडावर, किंमत बोला. 'गाडी तुम्ही कितीला देताय आणि पैसे कुणाच्या खात्यात?' हे मोठ्याने विचारा. जिथे हे विचारायला मनाई असते तिथेच गोम असते.

यापुढे कुठल्याही व्यवहारात तीन नावं एकच असली पाहिजेत: आरसीवरचं, समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं आणि पैसे जाणाऱ्या खात्याचं. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. १ एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएसलाही ते आधी बघता यावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. काल पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणाचं नाव आलं होतं, आठवा. आरसीवरचं नव्हतं ना? 'ते आमच्या युनिटच्या अकाउंटंटचं खातं' हे उत्तर तयारच असतं. इसार द्यायचाच तर गाडी बघितल्यावर, चेक किंवा खात्यातून, लेखी पावती घेऊन. रक्कम परत मिळण्याची अट पावतीतच लिहून घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बाकी पैसे देऊ नका. गाडी चोरीची नोंदलेली आहे का, ते एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन एनओसीच्या सेवेत नंबर टाकून कळतं. थकलेली चलनं ई-चलन संकेतस्थळावर दिसतात. हे सगळं गाडी पसंत पडल्यावरचं. गाडी बघायला मिळण्याआधी एक रुपयाही नाही. अॅप मात्र नेहमीच्या स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली एमपरिवहन किंवा आरटीओ चलन नावाची एपीके, म्हणजे बाहेरून अॅप बसवणारी फाईल उघडली की फोनच त्यांच्या ताब्यात जातो.

जाहिरात उतरवण्याचं काम वेगळं. जाहिरातीखालच्या रिपोर्टच्या खुणेवर 'फसवणूक' निवडा. तेवढ्याने भागलं नाही तर संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे त्यांना २४ तासांत पोच आणि सर्वसाधारणपणे ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ईमेलमध्ये जाहिरात क्रमांक, लिंक आणि सायबर तक्रारीचा पोच क्रमांक टाका. पोच क्रमांक बघितला की कारवाई लवकर होते. लेन्समध्ये मूळ जाहिरात सापडली तर त्या मालकालाही कळवा, म्हणजे तो आरसीचे फोटो वाटणं थांबवेल. ज्यांचे पैसे गेले नाहीत, नुसता असा फोन किंवा मेसेज आला, त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत तो नंबर कळवावा. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, १९३०च.

बँक म्हणेल, पिन तुम्हीच टाकला. खरं आहे, आणि म्हणून बँकेकडून भरपाई मिळेलच असं धरून चालू नका. पण तक्रारीचा क्रमांक बँकेत नोंदवून ठेवा. रोखलेली रक्कम सापडली तर ती परत मिळवताना हेच कागद कामाला येतात. पोलीस ठाण्यात 'घटना पुण्याची, इथे नाही घेत' म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

तुमचं नाव अडकण्याची भीती तक्रार करण्यात नाही, न करण्यात आहे. तुमच्या आधारचा फोटो त्याच्याकडे आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला तो 'माझ्या मिसेसचं आधार' म्हणून पाठवला जाऊ शकतो. आज तारीख-वेळेसह नोंद झाली तर उद्या विचारणा झाल्यावर तुमच्याकडे दाखवायला काही असेल. आजच आधारच्या अधिकृत अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच 'माझा नाही' कळवता येतं. महिन्याभराने पुन्हा बघा. यापुढे आधार द्यायची वेळ आली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

आणखी एक. पुढच्या काही दिवसांत तुम्हाला 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ५,१०० सापडलेत, प्रोसेसिंगचे ९९० भरा' असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. पोलीस पैसे परत करायला पैसे मागत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.

आणि भाच्याला सांगा, त्या ठकाला गोड बोलून पुण्यात बोलावून धरायचा बेत असेल तर तो सोडून दे. तो येणार नाही. येईल तो दुसराच कुणी, कदाचित त्या आरसीचा खरा मालक. चॅट एक्सपोर्ट झालं, स्क्रीनशॉट झाले, की नंबर ब्लॉक करा. आठ दिवसांनी भाच्याला त्याच फोटोंचा पुन्हा शोध घ्यायला लावा. नव्या नावाने जाहिरात वर आलेली दिसली तर तिचा क्रमांक जुन्या तक्रारीच्या पोच क्रमांकासह पुन्हा कळवा.